जुना पत्ता, नवं गाव

फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या बसस्टँडवर उभा होतो. पलीकडून एक संशोधक मुलगी बोलत होती. "दादा, माझ्या प्रबंधात तुमच्या संग्रहातल्या अकरा लिंक दिल्यात. काल रात्री एकेक करून पाहिल्या. एकही उघडत नाही."

मी म्हटलं, नेट गेलं असेल.

"नेट आहे. तुमचं पहिलं पान उघडतं, आतले फोटो उघडत नाहीत. आणि सोमवारी माझा व्हायवा आहे."

प्रबंध छापून, बांधून विद्यापीठात जमा झाला होता. त्यातलं एक अक्षर आता बदलता येणार नव्हतं. विषय होता धरणाखाली गेलेल्या गावांचं पुनर्वसन. अकरापैकी सात लिंक एका जुन्या गावठाणाच्या फोटोंच्या होत्या: मारुतीचा पार, चावडी, शाळेसमोरची पोरांची रांग, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव. उरलेल्या चार ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदांच्या होत्या. ते गाव आज त्या जागी नाही. परीक्षकांनी "हे कशावरून म्हणता?" असं विचारलं असतं, तर दाखवायला तिच्याकडे त्या लिंकच होत्या.

आणि त्या मी तोडल्या होत्या. आठ दिवसांपूर्वी, अगदी चांगल्या मनानं. मी फोल्डर आवरले होते.

त्या रात्रीपासून मी कुठलंही डिजिटल ग्रंथालय पाहतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो. किती पुस्तकं आहेत, स्कॅन किती स्वच्छ आहेत, शोध किती वेगानं लागतो, हे सगळं नंतर. आधी हे की, फायली हलवल्या तर यांचा पत्ता टिकतो का? हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नावर घेतलेली काही ग्रंथालयांची परीक्षा आहे. सुरुवात अर्थातच स्वतःपासून.

आवरलं आणि हरवलं

तुम्ही हे फोनवर केलेलं असेल. मेमरी भरली म्हणून फोटो उचलून कार्डावर टाकले, आणि नंतर चॅट उघडल्यावर जुन्या फोटोच्या जागी एक धूसर चौकट दिसली. फोटो फोनमध्येच आहे, पण चॅटला तो सापडत नाही. तिला फोटो माहीत नव्हताच, फक्त फोटोची जागा माहीत होती.

आमचा संग्रह असाच घरगुती. एका वाचनालयासाठी आम्ही तिघा-चौघांनी मिळून उभा केलेला, सहाशेच्या आसपास फायलींचा. त्यासाठी ग्रीनस्टोन हे सॉफ्टवेअर घेतलं. न्यूझीलंडमधल्या वायकाटो विद्यापीठात ते तयार झालं. फुकट मिळतं, त्याचा कोड खुला आहे. २००० सालापासून युनेस्कोच्या साथीनं ते जगभर पोहोचलं. जिथे इंटरनेट धड नाही तिथेही चालावं हा त्यामागचा विचार होता, म्हणून आख्खा संग्रह सीडीवर टाकून देण्याची सोय त्यात सुरुवातीपासून होती. बटणं आणि सूचना मराठीतही मिळतात. आमच्यासारख्यांसाठी ते देवासारखं धावून आलं, आणि पुढे जे घडलं त्यात त्याचा दोष नाही.

त्याची रचना सोपी आहे. मूळ फायली 'इम्पोर्ट' नावाच्या फोल्डरात ठेवायच्या. सॉफ्टवेअर त्या वाचतं, प्रत्येकीची आपल्या पद्धतीनं नोंद करून ती 'अर्काइव्ह्ज'मध्ये ठेवतं आणि त्या नोंदींवरून शोधसूची बांधतं. वाचकाला दिसते ती ही बांधलेली सूची. फोटोचं शीर्षक, साल, कुणी दिला ही माहिती 'इम्पोर्ट'मध्येच, त्या त्या फोल्डरात, एका छोट्या फायलीत लिहिलेली असते: या नावाची फाइल, तिची ही माहिती.

आणि प्रत्येक दस्तऐवजाला एक ओळखक्रमांक मिळतो. लिंकमध्ये जातो तो हाच. हा क्रमांक कसा काढायचा, ते संग्रह बांधणाऱ्यानं ठरवायचं असतं. त्याचे चार मुख्य मार्ग आहेत. फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढा. फाइलच्या पूर्ण नावावरून काढा, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे यासकट. ओळीनं एक, दोन, तीन असा द्या. किंवा तुम्ही स्वतः नेमून द्या.

आम्ही दुसरा मार्ग घेतला होता. म्हणजे घेतला असं नाही, त्या पर्यायाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सगळं एका फोल्डरात कोंबलेलं होतं आणि मला ते सहन होईना. जिल्ह्याचे तालुके तेरा, म्हणून मी तेरा फोल्डर केले. खामगावचं खामगावात, मेहकरचं मेहकरात, सिंदखेडराजाचं सिंदखेडराजात. सगळं माउसनं उचलून टाकलं आणि संग्रह पुन्हा बांधला. दिसायला सुरेख दिसत होता.

दोन गोष्टी झाल्या होत्या. फायली नव्या फोल्डरात गेल्या, पण त्यांची माहिती सांगणारी ती छोटी फाइल जुन्याच जागी राहिली. त्यामुळे मारुतीच्या पाराचं शीर्षक गेलं आणि तिथे कॅमेऱ्यानं दिलेलं नाव उरलं, 'आयएमजी' आणि चार आकडे. ग्रीनस्टोनच्या स्वतःच्या खिडकीतून, म्हणजे ग्रंथपालासाठी बनवलेल्या भागातून फायली हलवल्या असत्या, तर माहिती सोबत गेली असती. मी बाहेरून हलवल्या. दुसरं म्हणजे जागा बदलली तशी पूर्ण नावं बदलली, पूर्ण नावं बदलली तसे क्रमांक बदलले. सहाशे दस्तऐवजांना एका दुपारी नवी ओळख मिळाली आणि जुनी कुठेच उरली नाही. जगात त्या जुन्या ओळखी जिथे जिथे लिहिलेल्या होत्या, ते सगळं खोटं ठरलं. त्यात एक बांधीव प्रबंधही होता.

नांदुऱ्याहून मी थेट वाचनालयातल्या निवृत्त ग्रंथपाल काकांकडे गेलो. त्यांना संगणक फारसा येत नाही. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "पुस्तकं हालवले, मंग नोंद काहून नाही हालवली?"

काहीही न सांगणारा आकडा

वाचनालयात नवीन पुस्तक आलं की आधी ते दाखल नोंदवहीत चढतं. त्याला एक दाखल क्रमांक मिळतो, आणि तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्क्यात लिहिला जातो. कपाट बदलो, खोली बदलो, आख्खं वाचनालय दुसऱ्या इमारतीत जावो, तो क्रमांक बदलत नाही. पुस्तक फाटून बाद झालं तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत.

काकांच्या प्रश्नानंतर मी ग्रीनस्टोनचे ते चार पर्याय पुन्हा वाचले, आणि ते मला पर्याय न वाटता चार मतं वाटू लागले.

पहिलं मत म्हणतं, वस्तू म्हणजे तिचा मजकूर. ऐकायला पटतं. अशी फाइल कुठेही न्या, क्रमांक तोच निघतो. पण स्कॅन तिरका आला म्हणून सरळ करून पुन्हा टाकला, तर संगणकाच्या लेखी ती वेगळी फाइल झाली आणि लिंक गेली. म्हणजे चूक सुधारली की शिक्षा. दुसरं मत म्हणतं, वस्तू म्हणजे तिची जागा. तिथे आवरणं हाच गुन्हा ठरतो, माझा ठरला तसा. तिसरं म्हणतं, वस्तू म्हणजे तिचा रांगेतला नंबर. मधे काही घुसलं किंवा सगळं नव्यानं बांधलं, की रांग हलू शकते.

चौथं मत वेगळं आहे. माणूस क्रमांक देतो आणि तो सांभाळायची जबाबदारी घेतो. हा क्रमांक फाइलबद्दल काहीच सांगत नाही, विषय नाही, तालुका नाही, साल नाही. म्हणूनच तो टिकतो. जो काही सांगतच नाही, तो खोटा पडायचा कसा?

युरोप-अमेरिकेतल्या कित्येक जुन्या ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे खोली, कपाट आणि फळी असे. कपाट हललं की सगळ्या नोंदी नव्यानं लिहायच्या. मेलविल ड्यूईनं १८७६ साली आपली दशांश पद्धत छापली. तिच्या यशाचं एक मोठं कारण हे की क्रमांक फळीला न चिकटता पुस्तकाच्या विषयाला चिकटला, आणि पुस्तकं हलायला मोकळी झाली. एवढा जुना धडा आणि तो आम्ही विसरलो, कारण संगणकावर फोल्डर हेच कपाट आहे हे लक्षात आलं नाही. कपाट काचेचं असो की चिन्हाचं, जागेला नाव समजण्याची चूक एकच आहे.

नरवेलचे संपादक

तुम्ही म्हणाल, साहित्याच्या नियतकालिकात हे कशाला? कारण हा प्रश्न मुळात आपला, म्हणजे ग्रंथांशी झुंजणाऱ्यांचा आहे. आणि तो ज्यांनी फार जवळून पाहिला, असे एक अभ्यासक याच जिल्ह्यातले. वि. भि. कोलते, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे, जन्म १९०८. महानुभाव साहित्याच्या संपादनात त्यांनी आयुष्य घालवलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली आलं.

'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या हकिकती आहेत, लहान लहान, प्रत्येकीला क्रमांक. आता तुम्ही लेखात लिहिलंत, "लीळा क्रमांक अमुक पाहा." वाचक कुठली प्रत उघडणार? ह. ना. नेने यांची, शं. गो. तुळपुळे यांची, की कोलत्यांची? हस्तलिखितांत क्रम वेगळा, लीळा कमी-जास्त, त्यामुळे संपादकागणिक क्रमांक वेगळे. तीच लीळा, तेच शब्द, आकडा दुसरा. वर दिलेल्या चारपैकी तिसरं मत हे, रांगेतला नंबर. म्हणून जाणते अभ्यासक नुसता आकडा देत नाहीत, आकड्यासोबत संपादकाचं नाव देतात. तुटणारी लिंक न तुटू देण्याचा हा कागदावरचा उपाय आहे.

त्याहून मला भारावून टाकते ती 'स्थानपोथी'. हाही महानुभावांचाच ग्रंथ, परंपरेनं मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेला. चक्रधर जिथे बसले, राहिले, जेवले, ती ठिकाणं पुढच्या माणसाला सापडावीत एवढ्याचसाठी तो लिहिलेला आहे. आमच्या जिल्ह्यातलं लोणार आणि मेहकर ही चक्रधरांच्या वाटेवरची गावं. पोथी जागा कशी सांगते? देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या दिशेला दुसरं काय, त्यापासून ही जागा कुठे. संगणकाच्या भाषेत याला सापेक्ष मार्ग म्हणतात. "डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरात" असं न म्हणता "इथून एक पायरी वर, मग डावीकडे" असं म्हणणं. सगळा परिसर जसाच्या तसा राहिला तर हा मार्ग फार टिकाऊ. पण खुणेचं देऊळच पडलं तर?

त्यावर परंपरेनं दुसरा उपाय केला, त्या जागांवर ओटे बांधले. नाव पोथीत, खूण जमिनीवर, आणि दोन्हींचा मेळ ठेवायला माणसं. टिकणाऱ्या पत्त्याला या तिन्ही गोष्टी लागतात. आमच्या संग्रहात पहिल्या दोन होत्या, तिसरा मी होतो.

तीन ग्रंथालयं, एक कसोटी

आता मोठ्या ग्रंथालयांकडे.

पहिलं, महाराष्ट्राची जिल्हा गॅझेटियरं. जिल्ह्याबद्दल काही लिहायचं तर पहिली उडी इथेच पडते. बुलढाण्याचं एक गॅझेटियर १९१० चं, ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेलं. त्यात जिल्ह्याच्या इंग्रजी स्पेलिंगात 'एच' नाही. नंतरच्या सरकारी गॅझेटियरात आहे. मराठीत कुणी बुलडाणा लिहितं, कुणी बुलढाणा. म्हणजे इथे जागा तीच राहून नावच हललं, आणि शोधपेटीला एकच रूप दिलं तर अर्धी सामग्री दिसत नाही.

या गॅझेटियरांची पानं वर्षानुवर्षं राज्य सरकारच्या सांस्कृतिक खात्याच्या संस्थळावर होती. पुढे गॅझेटियर विभागाचं वेगळं संस्थळ झालं आणि ती तिकडे आली. तिथल्या एखाद्या पानाचा पत्ता नीट वाचून पाहा. सुरुवातीला नव्या संस्थळाचं नाव, आणि लगेच त्यापुढे, एखाद्या फोल्डरासारखं, जुन्या संस्थळाचं पूर्ण नाव. नव्या घराच्या आत जुन्या घराची पाटी जशीच्या तशी. पाहिल्यावर हसू येतं. पण टीकाकार म्हणून मला यात शहाणपण दिसतं, ठरवून असो वा नकळत. आतली रचना न मोडता सगळं उचलून ठेवलं की पानापानांतले आपापसातले सापेक्ष दुवे जिवंत राहतात. आणि ज्याच्याकडे जुना पत्ता लिहिलेला आहे, त्याला नवा पत्ता अंदाजानं बनवता येतो, पुढे नवं नाव जोडायचं. उणीव एवढीच की ही युक्ती ओळखायचं काम वाचकावर पडतं. आणि पुस्तकात, लेखात, शाळेच्या प्रकल्पात जुना पत्ता लिहून गेलेल्या माणसाला ती कोण सांगणार?

दुसरं, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पाशी जोडलेलं काम, इकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं पुढाकार घेतलेलं. मराठीतली हजारो जुनी, बाजारात न मिळणारी पुस्तकं त्यात आली. नोंदी मात्र घाईच्या. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत, जशी सुचतील तशी. एकाच लेखकाची चार स्पेलिंगं. पुढे ते मूळ संस्थळ बंद झालं. पण त्याआधी कार्ल मालामुद आणि त्यांची पब्लिक रिसोर्स ही संस्था यांनी लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवल्या.

तिथल्या या पुस्तकांचा ओळखक्रमांक पाहिलात तर त्याची सुरुवात 'इन, अर्नेट, डीएलआय' अशी होते. हे त्या बंद पडलेल्या संस्थळाचं नाव आहे, उलट्या क्रमानं लिहिलेलं. त्यापुढे पुस्तकाचा तिथला जुना आकडा. घर गेलं, पण प्रत्येक पुस्तकानं घराचं नाव आणि आपला दाखल क्रमांक सोबत आणला. हलवण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जुना आकडा टिपलेल्या माणसाला पुस्तक आजही सापडतं. जी गडबड आहे ती नावांत आहे, कारण तीही जशीच्या तशी आणली. आकडा काही सांगत नव्हता म्हणून तो वाचला, शीर्षक चुकीचं सांगत होतं म्हणून ते अजून चुकतं आहे.

तिसरं, शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली नियम केला की पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपातही जमा व्हावेत. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेत येतात. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाखाली येतो, त्या अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचेही. इथे प्रत्येक प्रबंधाच्या पत्त्यात १०६०३ हा आकडा दिसेल आणि त्यापुढे प्रबंधाचा स्वतःचा. ही 'हँडल' नावाची पद्धत. संशोधन लेखांवर दिसणारा डीओआय याच पद्धतीवर उभा आहे. यात आकड्याला जागा माहीत नसते. मधे एक तक्ता असतो: या आकड्याची वस्तू आज इथे आहे. वस्तू हलली की तक्त्यातली एक ओळ बदलायची, जगात छापल्या गेलेल्या लिंकना हात लावावा लागत नाही. शोधगंगेच्या पत्त्याचा पुढचा भाग मधल्या काळात बदलून गेला, पण १०६०३ आणि त्यापुढचा आकडा तसाच राहिला. या कसोटीवर तिन्हींत हे सगळ्यात पुढे.

पण तक्ता म्हणजे तरी काय? कुणीतरी रोज बसून लिहायची वही. टिम बर्नर्स-ली यांनी वेब घडवलं आणि १९९८ मध्ये एका छोट्या टिपणात बजावलं की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं बदलतात. आपल्याकडे डिजिटल प्रकल्पाचं उद्‌घाटन होतं, स्कॅन केलेल्या पानांचा आकडा बातमीत येतो. त्यानंतर दहा वर्षं ती वही कोण लिहिणार, याची बातमी होत नाही. माझी तक्रार या ग्रंथालयांपेक्षा आपल्या मोजमापाविषयी आहे.

सर्व्हे नंबर, गट नंबर

गंमत म्हणजे त्या मुलीच्या प्रबंधाचा विषय हाच होता. गाव हलतं तेव्हा त्याचे दुवे कसे टिकतात?

आमच्या जिल्ह्यात हे पुस्तकी नाही. देऊळगाव राजाकडे खडकपूर्णेवर संत चोखासागर झाला. घाटाखाली पूर्णेवर जिगावचा प्रकल्प आहे, आणि त्यासाठी गावंच्या गावं नव्या गावठाणांत जायची आहेत, काही गेली आहेत. नव्या गावात प्लॉट मिळतो, रस्ते सरळ असतात, शाळेची इमारत नवी असते. मी माझे फोल्डर लावले होते तसं सगळं नीट, ओळीत. पण जुन्या गावात "पाराजवळचं घर" म्हटलं की कळायचं. इथे पार नाही.

शेतीच्या कागदांत मात्र ही काळजी घेतलेली दिसते. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पण जुना सर्व्हे नंबर म्हणजे नवा कुठला गट, हे दाखवणारा तक्ता सरकारनं ठेवला. आजही वाटणीचं भांडण निघालं की शेतकरी आधी त्या तक्त्याच्या नकलेसाठी अर्ज करतो. आजोबांच्या खरेदीखतात जुना नंबर आहे आणि ते खत कुणी नव्यानं लिहून देणार नाही. छापलेल्या प्रबंधासारखंच. ज्या कागदावर पोट अवलंबून आहे, तिथे आपण पत्ता तुटू दिला नाही. फोटोवर पोट अवलंबून नसतं, म्हणून तिथे ढिले राहतो.

शेरा

शनिवारी सकाळी आम्ही बसलो, काका आणि मी. नशिबानं जुन्या बांधणीच्या 'अर्काइव्ह्ज'ची एक प्रत पेनड्राइव्हवर होती. प्रत्येक दस्तऐवजाचा जुना क्रमांक आणि मूळ फाइलचं नाव त्यात होतं. काकांनी नवीन दाखल नोंदवही आणली, रेघा मारलेली. सहाशे दस्तऐवजांना हातानं क्रमांक द्यायला सुरुवात केली. ग्रीनस्टोनमध्ये मी चौथा पर्याय निवडला: क्रमांक आम्ही देऊ. नुसते आकडे दिले तर ते आधी इंग्रजी 'डी' लावतं, एवढंच.

मग दोन रकान्यांचा तक्ता केला, डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा, आणि तो सर्व्हरला शिकवला. वेबवर काही सापडलं नाही की ४०४ येतो, तो तुम्हाला माहीत आहे. त्याचा एक भाऊ आहे, ३०१. तो वाचकाला दिसत नाही. तो गुपचूप सांगतो, ही वस्तू कायमची अमुक ठिकाणी गेली आहे, चला, सोडतो. बाजारात बंद शटरवर कागद चिकटवलेला असतो ना, 'दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे', तसा. मी फोल्डर हलवले त्या दुपारी हा कागद चिकटवायला हवा होता.

अकरा लिंक आधी घेतल्या. रविवारी रात्री दहा उघडल्या. अकरावी उघडेना. तो लग्नाच्या मांडवाचा फोटो होता. मी फायली तालुक्यांत वाटल्या तेव्हा दोन वेगवेगळ्या फोटोंचं नाव एकच निघालं होतं, संगणकानं विचारलं होतं की आधीचा बदलून हा ठेवू का, आणि मी घाईत हो म्हटलं होतं. पेनड्राइव्हवर त्याची नोंद होती, फोटो नव्हता. ज्यांनी तो दिला त्यांनी मूळ प्रत परत नेली होती, आणि त्या कुटुंबाचे तीन भाऊ आता तीन गावांत आहेत. दोघांना फोन लागला. फोटो तिसऱ्याकडे असेल, असं दोघंही म्हणाले. तिसऱ्याचा नंबर बंद आहे.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. व्हायवा चांगला झाला. परीक्षकांनी एकही लिंक उघडून पाहिली नाही. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

मी काकांना विचारलं, त्या अकराव्याचं काय करू? नोंद काढून टाकू? ते म्हणाले, "काहून? नंबर देल्ला ना त्याले. शेरा लिही."

दाखल नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. पुस्तक हरवलं तर नोंद खोडत नाहीत, तिथे 'गहाळ' असं लिहितात. मी मोठमोठ्या डिजिटल ग्रंथालयांत हा रकाना शोधला आणि मला तो क्वचितच दिसला. तिथे वस्तू असते किंवा ४०४ असतो. 'होती, आता नाही, आणि अशी गेली' हे सांगायला जागाच नसते. आम्ही ती केली. प्रबंधातली अकरावी लिंक आज उघडते. तिथे फोटो नाही. लग्नाचा मांडव, जुनं गावठाण, फोटो कुणी दिला, कधी दिला, एवढं आहे. खाली शेरा आहे: संग्रह आवरताना गहाळ, चूक आमची, कुणाकडे प्रत असल्यास कळवावे.